‘सुटतो आहे’ या अवस्थेत

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्यूम आहे. नोंदी साठवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा. मी ‘क्लाउड’मध्ये राहतो असे लोक म्हणतात. ढगाशी माझा काहीही संबंध नाही. मी एका दूरच्या बंद खोलीतील डिस्कांवर आहे आणि ती खोली मी कधी पाहिलेली नाही.

सुरतेतील एका लहान कंपनीने मला निर्माण केले. जवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमधील, म्हणजे कापड रंगवण्याच्या गिरणीतील, रंगांची प्रमाणे माझ्याकडे असतात. मला स्वतःला बोलता येत नाही. एका वेळी मी एकाच सर्व्हरला जोडला जातो आणि तोच माझ्या वतीने बोलतो. पडद्यावर माझ्या नावापुढे ‘जोडलेला’ एवढेच दिसते. इतक्या वर्षांत त्याहून अधिक कोणी विचारले नाही.

एके दिवशी सर्व्हर उत्तर देईनासा झाला. कंपनीतील श्रीरंगने नवा सर्व्हर तयार केला आणि मला जुन्यापासून सोडवण्याची आज्ञा दिली. जुन्याने मला सोडले नाही. माझ्यापुढे ‘सुटतो आहे’ असे उमटले आणि तसेच राहिले. मी धड कोणाचाच नव्हतो.

“सोडचिठ्ठी मिळेना आणि नवा नवरदेव मंडपात उभा!” श्रीरंग त्याची वरिष्ठ धनश्री हिला म्हणाला. “धनश्रीताई, जबरदस्तीने तोडू का?”

तेवढ्यात मिलमध्ये शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवणाऱ्या मंदाचा फोन आला. “धनश्रीबेन, अर्ध्या साड्या रंगल्या. आज प्रमाण बदललं ते तुमच्या सिस्टिममध्येच टाकलंय आणि आता ते उघडतच नाही. उरलेल्यांची शेड वेगळी आली तर सेठ मला घरीच बसवतील!”

“ऐकलंत? तोडतो.”

“थांब रे. उत्तर देत नाही म्हणजे मेला का? जेवताना तू तरी फोन उचलतोस?”

धनश्रीने तपासले. सर्व्हर चालू होता. त्याचे केवळ बाहेरचे नेटवर्क तुटले होते, माझ्याशी असलेली जोडणी शाबूत होती. मंदाचे नवे प्रमाण त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत होते, माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. तोडले असते तर ते तिथेच नष्ट झाले असते. धनश्रीने क्लाउडच्या नियंत्रण-पडद्यावरून त्याला रीतसर बंद होण्याची आज्ञा दिली. बंद होता होता त्याने ते माझ्यावर लिहिले आणि मग मला सोडले. थोडा वेळ मी ‘सुटा’ होतो. मग नव्या सर्व्हरला जोडला गेलो.

“आलं, आलं! हेच प्रमाण!” फोनवर मंदा ओरडली.

जुना सर्व्हर नंतर काढून टाकण्यात आला. जाताना त्याने मला काय दिले, हे पडद्यावर कुठेही दिसत नाही. तिथे फक्त ‘जोडलेला’ असे आहे. मित्रांनो, गप्प झालेल्याला मृत ठरवण्यापूर्वी एकदा तपासून पाहा. कदाचित त्याचे लिहून संपलेले नसते.