हसू नकोस, फोटो काढतोय

"हसू नकोस गं! हनुवटी खाली घे. डोळे जमिनीकडे. हां, अशीच थांब."

तीस वर्षं समोरच्याला "जरा हसा" म्हणत आलेला फोटोवाला हे सांगत होता, आणि तेही सख्ख्या धाकट्या बहिणीला! ती व्हीलचेअरमध्ये अवघडून बसली होती. खुर्ची शेजारच्या निवृत्त नर्सबाईंची, तासाभरासाठी म्हणून मागून आणलेली.

या बहिणीला सगळी गल्ली 'कात्री' म्हणते. बायकांचे केस कापायचं तिचं छोटंसं दुकान आहे, आणि जीभही तशीच चालते. दीड वर्षापूर्वी केस कापता कापता तिच्या बोटांतून कंगवा गळून पडला. पुढे एका डोळ्याला धुरकट दिसू लागलं, मग डावा पाय जड झाला. तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब करू लागते.

डॉक्टर म्हणाले, "औषध आहे. सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून द्यायचं. आजार मुळासकट जाणार नाही, पण पुढचे झटके कमी होतील. फक्त उशीर करू नका. प्रत्येक झटका काहीतरी घेऊन जातो, आणि ते परत मिळेलच असं नाही."

औषध इतकं महाग, की भावाने कॅमेरे विकले असते तरी पहिला डोस आला नसता. म्हणून गल्लीने मदत गोळा करायचं ठरवलं आणि पत्रक बनवायचं काम साहजिकच फोटोवाल्याकडे आलं.

आता गंमत बघा. हा माणूस जन्मभर लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत आला. त्या दिवशी संगणकासमोर बसून त्याने बहिणीच्या डोळ्यांखाली वर्तुळं काढली. गाल थोडे आत घेतले, चेहऱ्यावरचा तजेला उतरवला. ही चूक करायला फोटोवालाच हवा! लोकांना आजार दिसला पाहिजे ना, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पत्रक दुकानादुकानांत लागलं. लोक हळहळले, मदत येऊ लागली. आठवडाभर सगळं छान चाललं.

आणि मग कात्रीला बरं वाटलं.

हो, या आजारात असेही दिवस येतात. मंगळवारी सकाळी पाय हलका होता, बोटं ऐकत होती. ती चालत दुकानात गेली, दोघींचे केस कापले आणि कशावरून तरी खो खो हसली. नेमकं ते समोरच्या बेकरीवाल्याने पाहिलं. त्याने आपल्या काचेवरच्या पत्रकाकडे पाहिलं, पुन्हा कात्रीकडे पाहिलं.

"अरेच्चा! ही तर ठणठणीत आहे की!"

संध्याकाळपर्यंत पावाबरोबर ही बातमीही घरोघर पोचली. लोकांनी हात आखडता घेतला. डोसची तारीख बारा दिवसांवर आली होती आणि मदत निम्म्यावर अडकली होती.

भाऊ बहिणीला म्हणाला, "हे बघ, पैसे जमेपर्यंत घराबाहेर पडू नकोस. पडलीसच तर खुर्चीतून. आणि ते हसणं जरा बंद कर."

"म्हणजे आजारी आहेच, वर आजारीपणाची नोकरीही करू?"

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय ना!"

एरवी तिने त्याला सोडला नसता. पण या वेळी तिने त्याचं ऐकलं. पडदे ओढून दोन दिवस घरात राहिली. पायांनी साथ दिलेले दोन अख्खे दिवस वाया गेले हो!

तिसऱ्या दुपारी नर्सबाई आपली खुर्ची न्यायला आल्या. बघतात तर कात्री अंधाऱ्या खोलीत त्याच खुर्चीत बसलेली.

"पाय त्रास देतोय का गं?"

"नाही बाई. आज अगदी छान आहे."

"मग खुर्चीत कशाला?"

"दादाने सांगितलंय."

बाईंनी तिथल्या तिथे भावाला हाक मारली. "माझे हे शेवटची चार वर्षं या खुर्चीत होते. त्यांनी एक पाऊल टाकलं असतं ना, तर मी गल्लीभर सांगत सुटले असते. आणि तू चालत्या पोरीला बसवून ठेवलंस?"

"बाई, लोक मदत करत नाहीत हो! त्यांना माणूस आजारी दिसावा लागतो."

"हा आजार दिसत नाही, म्हणून तर तो समजावून सांगावा लागतो! तू खोटा फोटो लावलास, म्हणून खरी बहीण लोकांना खोटी वाटली. औषध कशासाठी मागतोयस? ती चालत राहावी म्हणूनच ना? मग तिचं चालणंच लपवतोस?"

फोटोवाला बहिणीकडे वळला. "चुकलो गं," तो बहिणीला म्हणाला.

"चुकलासच. आधी तो पडदा उघड."

रविवारी शाळेच्या सभागृहात गल्ली जमली. फोटोवाला उभा राहिला. हातातलं पत्रक त्याने सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"ही वर्तुळं मी काढलीत. आजार मात्र तिचा खरा आहे. रिपोर्ट इथे ठेवलेत, कुणीही बघा."

"मग पहिल्यांदाच खरं का नाही सांगितलंत?" बेकरीवाल्याने विचारलं.

"हसणाऱ्या बाईला तुम्ही मदत कराल, असं वाटलं नाही मला."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. "खरंय. मी नसती केली," तो हळूच म्हणाला.

मग कात्री उठली. "आज मी चालत आलेय. उद्याचं मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात कदाचित कात्री हातात धरता येणार नाही. असे चांगले दिवस जितके टिकतील तितके मला टिकवायचेत, त्यासाठी तुमची मदत हवीय. आणि कुणाला मला रडतानाच बघायचं असेल, तर दुकानात या. तुमच्या केसांची अवस्था बघून मला रडूच येतं!"

सगळे हसले, काहींनी हसता हसता डोळे पुसले. बेकरीवाला म्हणाला, "ज्या ज्या घरी मी ते बोललो, त्या प्रत्येक घरी आता मीच जाईन." आणि तो गेला! पाव देता देता "माझी चूक झाली" म्हणत प्रत्येक दारात उभा राहिला. पहिला डोस ठरल्या दिवशी मिळाला.

आजार गेलेला नाही. कात्री कधी काठी घेऊन दुकानात येते, कधी काठीशिवाय, आणि कधी दुकान बंदच असतं. बेकरीवाला रोज विचारतो, "आज कसं आहे?" ती कधी "मस्त" म्हणते, कधी "नको विचारू." तो दोन्ही उत्तरं खरी मानतो.

मंडळी, मदत मागणाऱ्याने आधी केविलवाणं दिसावं, ही आपली जुनी खोड आहे. ती त्याला खोटं बोलायला लावते आणि आपल्याला निष्ठुर करते. ती सोडून देऊया. माणसाला त्याचं दुखणं विचारूया, आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवूया.