कालिनाचा पेला

मित्रांनो, मी भांड्यांवर नावं घालणारी एक जुनी छिन्नी आहे. उंची बोटाएवढी, पण निपाणीतल्या निम्म्या घरांच्या तांब्या-घागरींवर माझं काम सापडेल. १९१२ साली बेळगावच्या शहापुरातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि निपाणीचे भांडीवाले आप्पाण्णा मला घेऊन आले. हातोडी माझ्या डोक्यावर बसायची आणि भांड्यावर नाव उमटायचं. लोक आप्पाण्णांचं अक्षर वाखाणायचे. माझं नाव कुणी काढलं नाही, पण जाऊ द्या.

पुढं आप्पाण्णांची नजर अधू झाली आणि मी माजघरात त्यांच्या सुनेच्या हाती आले. गिऱ्हाइकांना हे कळू नये म्हणून दार लोटलेलं असे. एक झरोका, एक पाट आणि आम्ही दोघी. ती पाण्याला आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला तरी जायची, मी तेवढीही नाही. घरात तिला चंपाबाई म्हणत. माहेरचं नाव ब्राह्मी, पण सासूचंही तेच, म्हणून लग्नातच ते बदललं. सासू वारली, तरी हिचं नाव हिला परत मिळालं नाही. गावभराची नावं ती घालायची आणि बारा वर्षांत स्वतःचं एकदाही तिच्या कानावर पडलं नव्हतं. मला याचा फार राग यायचा.

१९४६ साली एक गोरी मुलगी पितळी पेला घेऊन दुकानात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथली ही कालिना. तिच्या लोकांत वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. त्या दिवसासाठी तिला पेल्यावर नाव हवं होतं.

“नुसत्या बाईचं नाव घालत न्हाईत,” आप्पाण्णा म्हणाले. “नवऱ्याचं सांग, न्हायतर बापाचं.”

“नवरा नाही. बाबा बर्फात मेले,” ती बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाली. “नाव माझं आहे.”

आप्पाण्णा मान हलवत बस्तीकडं निघून गेले. मग माजघराचं दार किलकिलं झालं आणि चंपाबाईनं तिला आत घेतलं.

“अर्थ काय गं तुझ्या नावाचा?”

“झुडूप. लाल फळं. सगळीकडं बर्फ, तरी फळं तशीच. लग्नाच्या पावावर ठेवतात. गाण्यात कालिना म्हणजे मुलगी, घर सोडून जाणारी. सगळ्या बायका रडतात.” मग तिनं विचारलं, “तुझं नाव?”

चंपाबाईनं दाराकडं बघितलं. “ब्राह्मी,” ती हळूच म्हणाली. “आमच्या तीर्थंकर आदिनाथांची लेक. बापानं तिला पयलं अक्षर शिकवलं.”

तिनं हातोडी उचलली. पेल्यावर तिनं घातलं, नुसतं ‘कालिना’. मग पेला पालथा केला आणि बुडाला घातलं, ‘ब्राह्मी’. इतकी खोल मी कधीच उतरले नव्हते.

“हे का?” कालिनानं विचारलं.

“तू जाशील न्हवं परत? तेवढं घेऊन जा.”

पुढच्या वर्षी कालिना बोटीनं गेली. ब्राह्मीचं नाव समुद्रापार गेलं आणि ब्राह्मी माजघरात चंपाबाई होऊन राहिली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आता मी एका डब्यात गंजते आहे. मला बाहेर काढा, असं माझं मागणं नाही. पण मित्रांनो, घरी आईला, आजीला, काकूला विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणत होते? आणि त्या नावानं एकदा मोठ्यानं हाक मारा. ब्राह्मीला तशी हाक मी मारली असती, पण छिन्नीला आवाज नसतो.