मागची उजवी बाजू

सासऱ्यांनी काम वाटून दिले तेव्हाच थोरल्या जावयाच्या मनात पाल चुकचुकली. गाडीची मागची डावी बाजू त्याला, उजवी धाकट्या जावयाला. वाटणी न्यायाची होती आणि नेमके तेच त्याला खुपले. इतकी वर्षे या गॅरेजमध्ये दोनच माणसे असत: सासरे आणि तो. औषधांचे दुकान बंद असले की तो जुना शर्ट चढवून यायचा, पाने पुसायचा, नट डब्यांत लावायचा, आणि हळूहळू ते आवळायलाही शिकला होता. धाकटीच्या लग्नाला तर अजून वर्षही झाले नव्हते.

सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवले होते. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचेच चालवणे बंद केले होते. ही गोल पाठीची राखी गाडी त्यांच्या तरुणपणाची. तिची मागची चाके घरघरू लागली, तेव्हा त्यांनी जाहीर केले की चाके धरून ठेवणारे दोन्ही आर्म सोडवायचे, त्यांतले रबरी बुश बदलायचे, चाकांना नवी बेअरिंग घालायची आणि रविवारी लांब फेरी मारायची. स्टिअरिंगवर कोण बसणार, हे ते बोलले नाहीत. पण त्या दिवशी ज्याच्या हाती ते जाईल त्याच्याच हाती राहील, हे थोरला ओळखून होता. ती जागा आपलीच, असे तो केव्हापासून धरून चालला होता.

धाकटा फ्रिज दुरुस्त करायचा. पहिल्याच सकाळी तो नवी बेअरिंग पिशवीत गुंडाळून सासूबाईंच्या फ्रिजरमध्ये ठेवून आला.

"अहो, हे काय बर्फात घातलंय?" सासूबाई आतून ओरडल्या. "मला वाटलं मासे आणलेत!"

"आई, गारठली की जरा आकसतात, मग ठोकावी लागत नाहीत. तुम्ही फक्त पानात वाढू नका."

सासरे एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आणि खरेच, धाकट्याने आर्ममधली बेअरिंगची जागा ज्योतीवर तापवली, गारेगार बेअरिंग तीत सोडले, तर ते अलगद तळापर्यंत गेले. थोरला मात्र लाकडी ठोकळा धरून हातोडीने आपले बेअरिंग तसूतसूने आत सरकवत होता. तेही अगदी सरळ बसले. ते पाहायला कोणी नव्हते, एवढेच.

"ए शहाण्या, ग्रीस थापतोयस की भिंत लिंपतोयस?" सासरे धाकट्यावर खेकसत. थोरल्याला मात्र विचारत, "जावईबापू, तुमचं चाललंय ना व्यवस्थित?" बोलणी खाणाऱ्याचा आपल्याला हेवा वाटावा, हे त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटे.

जेवायच्या वेळी बायकोने त्याला मोरीशी गाठले.

"तोंड का फुगलंय?"

"कुठं काय."

"साडूचं कौतुक झालं वाटतं."

"मला काय त्याचं?"

"हो ना. म्हणून तर तेच हात तिसऱ्यांदा धुताय."

दुपारी दोन्ही आर्म पुन्हा जागेवर चढले. गाडी मागून लोखंडी घोड्यांवर उचललेली होती, त्यामुळे आर्म खाली लोंबत होते. थोरल्याने आपले बोल्ट हाताने फिरवून नुसते टेकवून ठेवले. बोल्ट आवळला की रबरी बुश त्याच स्थितीत घट्ट धरला जातो. आर्म लोंबत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो, आणि असा पीळ सोसणारे रबर लवकर फाटते. म्हणून शेवटचा आवळ गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा. पुढच्या चाकांच्या कामात सासऱ्यांनी हे त्याला शिकवले होते. आता ते आत डुलकी काढत होते.

पलीकडून पान्याची करकर ऐकू आली. थोरल्याने वाकून पाहिले. धाकटा लोंबत्या आर्मचे बोल्ट जीव खाऊन आवळत होता.

"झालं का दादा तुमचं?"

थांब, आत्ता नको, एवढेच म्हणायचे होते. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"होतंय," थोरला म्हणाला.

यात जिवाला धोका काही नव्हता, हे त्याने स्वतःला बजावले. काही महिन्यांनी उजवीकडून खटखट सुरू होईल आणि काम कोणाचे होते ते सासऱ्यांना कळेल, इतकेच. हा विचार त्याने गोळी चघळावी तसा सावकाश चघळला.

संध्याकाळी चाके लावून गाडी जाड फळ्यांवर उतरवली. धाकटा हात धुवायला गेला, तेवढ्यात थोरल्याने खाली सरपटत जाऊन आपले बोल्ट पक्के केले. सासरे बाहेर आले, गाडीच्या मागे उभे राहिले आणि मान तिरकी करून पाहू लागले. डोळ्यांवर भरवसा न ठेवता त्यांनी चाक आणि पत्रा यांच्यामधले अंतर हाताने मोजले. डावीकडे चार बोटे. उजवीकडे सहा.

"जावईबापू, तुमची बाजू बसलीय."

थोरला आपल्या चाकाकडे वाकला, तोवर सासऱ्यांनी निदानही केले.

"स्प्रिंग वाकडी बसली असेल. उतरवावं लागणार सगळं."

"मी उतरवतो बाबा," धाकटा हात पुसत म्हणाला. "दादा दमलेत सकाळपासून."

त्या आवाजात कुठेही खोच नव्हती. थोरल्याचे कान तापले.

"डावी बरोबर आहे. उजवी वर राहिलीय. तिकडचे बोल्ट हवेत आवळलेत, रबरानं आर्म अडवून धरलाय."

"म्हणजे? हवेत आवळायचे नसतात?" धाकट्याने निरागसपणे विचारले.

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा! नाही, गाढव मीच. तुला हे सांगायचंच राहिलं." मग ते थोरल्याकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ता' हा शब्द तयार होता. कोणालाही तो पटला असता. पण धाकटा त्याच्याकडे शिकायला आल्यासारखा पाहत होता, आणि त्या नजरेसमोर तो शब्द बाहेर पडेना.

"तो आवळत होता तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलावंसं वाटलं नाही."

सासरे फक्त "हं" म्हणाले. धाकट्याने हातातला चिंधीचा बोळा उलटसुलट केला. मग म्हणाला, "बरं, किती वजन लागतं दादा? का एखादा फ्रिज आणून ठेवू मागे?"

"मागे दोघं बसले की पुरे."

सासरे आणि थोरला मागच्या सीटवर जाऊन बसले. खाली पाना करकरला, बोल्ट सैल झाले आणि उजवी बाजू गचका देऊन खाली आली. धाकटा पुन्हा बोल्ट आवळू लागला. समोर स्टिअरिंगपाशी कोणी नव्हते.

"रविवारी तो चालवेल," सासरे हळूच म्हणाले.

"हो."

"तुम्ही इथंच बसा, उजव्या चाकावर. कान द्यायला कुणीतरी हवं. माझे कानही आता डोळ्यांच्याच वाटेनं चाललेत. आणि काही ऐकू आलं, तर या वेळी सांगा."

रविवारी धाकट्याने गाडी छान चालवली, जरा जास्तच छान. पुढे त्याच्या शेजारी बसलेले सासरे त्याला ब्रेकवरून, गिअरवरून, आरशावरून झापत होते आणि तो हसत होता. मागे थोरला सीटच्या पाठीला डोके टेकवून ऐकत होता. प्रत्येक खड्ड्याला तो कान टवकारत होता, आणि आपण काय ऐकू यावे म्हणून वाट पाहतोय हे त्याला नीट कळत होते. चाक नुसते गुणगुणत होते.

"काही?" सासऱ्यांनी मागे न पाहता विचारले.

त्याने आणखी एक खड्डा जाऊ दिला. मग म्हणाला, "काही नाही, बाबा. चांगलं झालंय काम."