तळवली की तळोजा

सानपाड्याच्या एका गाळ्यातून आशुतोष सरांची खाजगी ॲम्ब्युलन्स सेवा चालायची आणि तिथले फोन संघमित्रा घ्यायची. फोन सगळे इंटरनेटवरून यायचे. इंटरनेट यायचं गच्चीवरच्या तबकडीतून, हवेतून. दिवसा ठीक चालायचं. संध्याकाळ झाली, आजूबाजूचे सगळे मोबाइल उघडून बसले, की समोरच्याचे निम्मे शब्द गळून जायचे.

चार महिने ती सांगत होती, "सर, फायबरची वायर घ्या. फोनसाठी वेगळी."

सर स्क्रीनवरचा आकडा दाखवायचे. "तीनशेचा स्पीड आहे. अजून काय पायजे तुला?"

"स्पीड पिक्चर बघायला लागतो, सर. बोलायला लाईन एकसारखी लागते."

"सोसायटीची परवानगी काढा, भिंतीला भोकं पाडा, कोण करणार? तू जरा कान देऊन ऐक."

सोमवारी संध्याकाळी एका बाईचा फोन आला. नवऱ्याला धाप लागली होती, बाई रडत होती. पत्ता सांगताना आवाज तुटला. "तल... शालेच्या मागं..." संघमित्राने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नुसती खरखर. मागे सर उभे होते.

"तळोजा असणार. गाडी सोड."

"सर, तळवलीपण असेल. मी परत फोन लावते."

"वेळ घालवू नकोस. सोड म्हणतोय ना!"

गाडी तळोज्याला गेली. संघमित्रा फोन लावत राहिली, तो लागला नाही. लागला तेव्हा कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरची ती बाई, मालतीबाई, हॉस्पिटलातून तडक गाळ्यात आली. शेजाऱ्यांनी तिच्या नवऱ्याला, नामदेवला, मासळीच्या टेम्पोत घालून नेलं होतं. जीव वाचला होता, पण तो अजून आयसीयूत होता.

"मी तलवली सांगितली व्हती! गाडी कुठं गेली माजी? कोन व्हती फोनवर?"

सर हात जोडून पुढे झाले. "ताई, आमच्या मुलीची ऐकण्यात चूक झाली. मी तिला समज देतो."

संघमित्राच्या डोक्यात सणक गेली. रात्रभर जिचं रडणं तिच्या कानात घुमत होतं, त्या बाईसमोर हा माणूस हात झटकत होता. येणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा. तिने कॉम्प्युटरवर कालचं रेकॉर्डिंग काढलं आणि आवाज मोठा केला.

खरखर. रडणं. तिचं तीनदा विचारणं. आणि मग सरांचा आवाज, स्वच्छ: "तळोजा असणार. गाडी सोड."

मालतीबाई सरांकडे वळली. "पोरीवर ढकलतोस? लाज नाय वाटत?" सरांची मान खाली गेली.

"मावशी," संघमित्रा म्हणाली, "मी सोडायला नको होती गाडी. अडून बसायला पायजे होतं." मग सरांकडे बघून ती म्हणाली, "वायर येईपर्यंत मी या फोनला हात लावणार नाही. नंबर माझ्या मोबाइलवर वळवा. मी बाहेर फुटपाथवर बसून घेते, तिथे रेंज आहे."

"अगं, असं कसं—"

"असंच."

ती खरंच खुर्ची घेऊन बाहेर बसली. येणारे-जाणारे बघत होते. परवानगीचा अर्ज तिनेच लिहिला, सेक्रेटरीच्या दारात दोनदा जाऊन सही आणली. नवव्या दिवशी गाळ्यात फायबर आलं. सरांनी पेढे आणले आणि सगळ्यांत आधी तिच्यापुढे धरले.

तिने बॉक्स हाताने बाजूला सारला. "आधी त्या मावशींच्या घरी जाऊन माफी मागून या," ती म्हणाली आणि वाजणारा फोन उचलला.