बेंदराची पोळी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. गोबरगॅसची पाहणी करायला म्हणून वाडीत जीप उभी केलीत, वरच्या आळीतल्या चार घरांच्या शेगड्या पेटत नाहीत एवढं बघितलंत आणि चारचौघांत सांगून मोकळे झालात, की या लोकांनाच गोबरगॅस नको आहे. का पेटत नाहीत, हे एकालाही विचारलं नाहीत. टाकीपर्यंत गेला नाहीत. नाकाला रुमाल लावून लांबूनच वळलात, आणि जाता जाता खालच्या आळीच्या मंजूर टाक्या रद्द करून गेलात.

जीपचा धुरळा खाली बसला, तरी क्रांती वरच्या आळीतल्या कृष्णातच्या स्वयंपाकघरात शेगडीपुढं उकिडवी बसून होती. गारगोटीच्या पुढच्या या वाडीत गोबरगॅस आणला तो तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, वर्षाराणीनं. पगार नाही, मानधन नाही. दोघी दारोदार हिंडल्या. भाकरीला शेणाचा वास मारणार, म्हणून बायका तोंडावर हसायच्या. तेव्हा क्रांती प्रत्येक नव्या शेगडीवरची पहिली भाकरी सगळ्यांदेखत स्वतः खायची. आधी वरची आळी, मग खालची, असं ठरलं होतं. तिचं स्वतःचं घर खालच्या आळीत. तिथं अजून चूल होती, आणि चुलीच्या धुरानं तिच्या सासूची, बयाबाईची, छाती भात्यासारखी वाजायची. सासूला धुरातून सोडवायचं, हा क्रांतीचा खरा हट्ट.

वर्षाराणीनं साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. क्रांतीच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. चारही शेगड्या एकाच आठवड्यात कशा रुसल्या? तिनं कॉक फिरवला. सूं आवाज आला, म्हणजे गॅस होता. काडी धरली, तर काडीच विझली. गॅस आहे आणि जळत नाही, हे काय गौडबंगाल?

ती मागं गेली. टाकीतून बाहेर पडलेल्या पातळ रबड्यात बोट बुडवून नाकाशी धरलं. शेणाचा वासच नव्हता. शिळ्या आंबलीसारखा आंबट भपकारा आला.

कृष्णातची आई, आक्का, दारात उभी होती. क्रांतीनं विचारलं, "आक्का, काय घातलंसा हिच्यात?"

"श्याणच की."

"आनि?"

आक्कानं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं. "बेंदराला बैलास्नी पोळी घालतोय का न्हाई? मग हिला का उपाशी ठिवायची? तूच म्हणालतीस की, टाकी म्हंजे गोठ्यातलं आनि एक जनावर, हिला बी पोट हाय."

क्रांतीनं कपाळावर हात मारला. म्हणाली होती खरी. शेण रोज घाला, हे बायकांच्या गळी उतरवायला तिनं हीच युक्ती काढली होती. मग बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, आक्कानं टाकीला हळदकुंकू लावलं, पुरणपोळ्यांची चवड आत सोडली आणि वरून काकवी ओतली. दुसऱ्या दिवशी जाळ असा फुलला, की आक्कानं गल्लीभर मिरवलं. शेजारणी कशा मागं राहतील? चारही घरांत काकवीच्या घागरी रिकाम्या झाल्या. पुढं जाळ मंदावला, तर टाकीला अजून भूक आहे म्हणून अजून गूळ कालवला.

वर्षाराणी हसून हसून जमिनीवर बसली. क्रांतीही हसली, आणि मधेच उठून घराकडं निघाली.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. बयाबाई दम खात म्हणाली, "अजीर्ण झालंय गं तिला. बैलाला झालं तर काय करतोय? तोंड बांधतोय."

क्रांतीनं वारणानगरला फोन लावला. तिथल्या अरिहंत सरांनी दोघींना हे काम शिकवलं होतं. त्यांनी आधी हसून घेतलं आणि मग सांगितलं, की गोड पडून टाकी आंबली आहे, म्हणून निघतो तो गॅस जळत नाही. खाणं बंद ठेवा, चुन्याची निवळी घाला, आणि चालू टाकीतलं रबडं आणून विरजणासारखं सोडा. दोघींनी शेजारच्या गावातून डोक्यावरून बादल्या आणल्या. रोज काडी धरून बघायच्या. रोज काडी विझायची. एका सकाळी विझली नाही. निळा जाळ धरला, आणि आक्का त्याच्याकडं लेकराचा ताप उतरल्यासारखी बघत राहिली. मग एकामागून एक चारही घरांच्या शेगड्या पेटल्या.

त्याच दिवशी क्रांतीनं दाराच्या पायरीवर बसून साहेबाला फोन लावला. काय झालं, कशानं झालं, कसं निस्तरलं, सगळं सांगितलं. खालच्या आळीच्या टाक्या परत द्या, म्हणाली. साहेब म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता पुढच्या वर्षी बघू. लोकांची इच्छा असावी लागते.

आत बयाबाई चुलीपुढं फुंकणी धरून बसली होती. धूर चौकटीतून क्रांतीच्या पाठीवर येत होता.

"साहेब, आमचं चुकलं ते आमीच हुडकलं," क्रांती म्हणाली. "दुसऱ्या गावचं रबडं डोक्यावरनं आणून आमीच नीट केलं. ह्यात तुमास्नी 'नको' कुठं दिसलं?"

पलीकडून कुणाशी तरी बोलणं ऐकू आलं. मग साहेब म्हणाले, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करा.

"करा की मीटिंग. मी लाईन धरून बसतो. कुठं दिसलं, तेवढं सांगा."