टेबलावरच राहिलेला राजदंड

"संसदेने अर्थसंकल्पाची प्रत्येक बाब सखोल तपासून मंजूर केली," असे आमच्या बेटाचे सरकारी पत्रक सांगते. वाक्य देखणे आहे. संसद जमली होती आणि मंजुरीही झाली, एवढे खरे. 'तपासून' हा शब्द मात्र त्या दिवशी सभागृहात फिरकलाही नव्हता. मी तिथेच होतो.

मित्रांनो, मी एक जुना राजदंड आहे. चांदीचा, माथ्यावर मुकुट, मुकुटाखाली उसाची पाने. समुद्रापलीकडच्या सोनाराने मला घडवले तेव्हा या बेटाला मालक होते. मालक गेले, मी राहिलो. मी टेबलावर असतो तेव्हा सभागृह निर्णय देते. खर्चाच्या मागण्या आल्या की अध्यक्ष खूण करून खुर्ची सोडतात, दंडधारी मला टेबलाखालच्या खुंट्यांवर ठेवतो आणि सभागृहाची समिती होते. मग मंत्र्याला एकेका मागणीवर उत्तर द्यावे लागते. पाहुण्यांनी माझे कौतुक केले ते वर असताना. माझ्या आयुष्याचे चीज झाले ते खालच्या अंधारात.

चक्रीवादळानंतरच्या अर्थसंकल्पाला माझा दंडधारी होता क्लेमंट दुबुले. त्याची मुलगी सिडोनी धाकट्या बेटावरच्या दवाखान्यात डायलिसिसवर जगत होती, आणि नव्या अर्थसंकल्पात त्या दवाखान्याचे नावच उरले नव्हते. दंडधाऱ्याला सभागृहात बोलण्याची मुभा नाही. मला आत आणताना त्याचे तळवे घामाने निसटत होते. भीती धातूलाही चढते, हे मला तेव्हा कळले.

अर्थमंत्री ऑगस्टिन प्रॉस्पेर यांचे भाषण संपले. क्लेमंट पुढे आला. अध्यक्षांनी खूण केली नाही. ते खुर्चीतच राहिले.

"अध्यक्ष महाराज, दंड अजून वरच आहे," धाकट्या बेटाच्या सदस्य इर्मिन शार्लरी उठून म्हणाल्या. "दवाखान्याचं मी विचारायचं कधी?"

"अहो बाई, तुम्हाला काठीची काळजी, मला देशाची," प्रॉस्पेर हसले. "कर्ज देणारे दारात उभे आहेत. तुमच्यासाठी थांबतील का ते?"

बाकांवर हशा पिकला.

"नाही थांबणार. यंत्र बंद झालं की पेशंटही थांबत नाही, साहेब."

"बसा, इर्मिनबाई," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्या मागण्या एकदमच मताला टाकतो."

क्लेमंटची बोटे माझ्या दांड्याला लागली. खुणेवाचून मला उचलले असते तर त्याची नोकरी गेली असती, आणि समिती बसलीच असती असेही नाही. तरी मी घाबऱ्या जिवाने वाट पाहिली. हात मागे गेला. 'होय'चा एकच गलका झाला.

दवाखाना बंद झाला. सिडोनी आता उपचाराला होडीने इकडे मोठ्या बेटावर येते. समुद्र खवळला की होडी सुटत नाही. मला पुसताना क्लेमंटची नजर खिडकीबाहेर लाटांवर असते, आणि वारा वाढला की त्याचा हात माझ्यावर थबकतो. माझाही जीव तेव्हा थाऱ्यावर नसतो.

अडचणीच्या काळात प्रश्नांना वेळ नसतो, असे विद्वान सांगतात. मला खाली ठेवण्याची प्रथा नेमकी अशाच काळासाठी पाडली गेली होती, हे त्यांच्या वाचनात आलेले दिसत नाही. मित्रांनो, मला लखलखीत ठेवणे ही माझी निगा नव्हे. तुमचे पैसे मंजूर होतात त्या दिवशी मी कुठे आहे, ते पाहत जा.

पुढच्या अधिवेशनात इर्मिनबाईंनी विचारले, दंड खाली का ठेवू दिला नाही? प्रॉस्पेर यांचे उत्तर शब्दशः असे:

"वरच ठेवा, असं अध्यक्षांना मीच सांगितलं होतं. खाली गेला असता तर बाईंनी दवाखान्याचं विचारलं असतं, आणि तिथले पेशंट कुठे जातील, हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं."