बोटभर फट

मी दरवाजा बोलतोय. पण आधी तुम्ही सांगा, तुम्ही कोण, कुणाचे आणि इकडे कशाला आलात? राग मानू नका. संशय घेणं हा माझा धंदाच आहे.

लंडनमध्ये लोकांनी निवडून दिलेले सभासद जिथे बसतात, त्या सभागृहाचा मी दरवाजा. ओकच्या लाकडाचा, अंगानं जाडजूड. इतर दरवाजांवर सुतारांनी फुलं-पानं कोरली. माझ्या छातीत मात्र एक छोटी जाळी बसवली, बाहेर कोण आलंय ते बघायला. नक्षी मिळाली नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

या जाळीचं कारण जुनं आहे. फार वर्षांपूर्वी एक राजा हत्यारबंद शिपाई घेऊन थेट या सभागृहात घुसला होता, विरोधात बोलणाऱ्यांना धरून न्यायला. ज्यांना धरायचं ते आधीच पसार झाले, पण राजानं उंबरा ओलांडला तो ओलांडलाच. तेव्हापासून कुठल्याही राजानं इथं पाऊल टाकायचं नाही.

आमच्याकडे राजाचं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यासारखं. पहिलं ताट त्याचं, कोठीच्या किल्ल्या मात्र सुनेच्या कमरेला. त्याच्या सहीशिवाय कायदा होत नाही, आणि सही नाकारायची त्याची टाप नाही. नाकारायचा हक्क म्हणे अजून शाबूत आहे, फक्त कित्येक पिढ्यांत कुणी वापरला नाही. मला त्या न वापरलेल्या हक्काचीच धास्ती वाटते. सुरी गंजली आहे की कुणी गुपचूप धार लावून ठेवली आहे, हे म्यानाबाहेरून कसं कळावं?

दर वर्षी राजा संसद उघडायला येतो. वरच्या सभागृहात सिंहासनावर बसतो आणि आमच्या सभासदांना बोलवायला आपला दूत धाडतो. काळा पोशाख, हातात काळी काठी. तो जवळ आला की मला त्याच्या तोंडावर धाडकन लावायचं. मग त्यानं काठीनं तीनदा ठोकायचं, द्वारपालानं जाळीतून न्याहाळायचं, आणि मगच आत घ्यायचं. त्याच वेळी आमचा एक सभासद राजवाड्यात ओलीस बसलेला असतो. राजा सुखरूप घरी पोचला की त्याला सोडतात. त्याला तिथं चहा-केक मिळतो, पण ओलीस तो ओलीसच. संशय दोन्हीकडून असला की मला जरा बरं वाटतं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी हवा तापलेली होती. राजाच्या खासगी रानातून लोकांसाठी पायवाट खुली करायचा कायदा सरकार आणणार होतं. सरकारनं लिहून दिलेलं भाषण राजानं वाचायचं असतं, तेव्हा ते वाक्यही त्यालाच मोठ्यानं वाचावं लागणार होतं. राजा वाक्य गाळणार, पुढे सहीही करणार नाही, अशी कुजबूज माझ्या दोन्ही बाजूंना चालली होती.

माझा द्वारपाल विल्फ्रेड पेनहॅलो, कॉर्नवॉलचा, जुना नौसैनिक. आणि राजानं त्या वर्षी नवा दूत नेमला तो सर गॉडफ्री लॅस्कम, विल्फ्रेडचा जुना कप्तान. लढाईत बर्फाळ समुद्रात जहाज बुडालं, तेव्हा याच कप्तानानं होडीतून वाकून विल्फ्रेडची कॉलर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, मदत येईपर्यंत. विल्फ्रेड वाचला. कप्तानाच्या बोटांतली ताकद मात्र त्या थंडीनं कायमची नेली.

नेमकं याच वर्षी नेमका हाच माणूस? माझी जाळी तेव्हाच चमकली.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी तालमीला कप्तान आला.

“विल्फ्रेड, पोट सुटलं की रे तुझं!”

“बायको खिमा भरलेली पेस्टी चांगली करते ना, कप्तानसाहेब. खिशात आहे एक. अर्धी घेता?”

“आधी काम.” त्यानं काठी उचलून माझ्यावर एक ठोका मारला. दुसऱ्याला काठी हातातून निसटली आणि फरशीवर खणखणत गेली. विल्फ्रेड धावला, उचलून दिली. दोघंही एकमेकांकडे बघेनात.

“सहा महिने झाले, फारच थरथरतात,” कप्तान म्हणाला. मग आवाज उतरवून, “उद्या सगळा देश बघणार. एक कर. दार आपट, पण पुरतं लावू नकोस. बोटभर फट ठेव. मी ठोकल्यासारखं करतो, तू उघड. कोण मोजतंय?”

विल्फ्रेडनं मान खाली घातली. “बघतो, साहेब.”

तो गेल्यावर विल्फ्रेड माझ्या पायाशी स्टुलावर बसला. पेस्टी कागदातच राहिली. मला त्याची दया आली आणि रागही आला. दया अशासाठी, की त्याचा श्वासच मुळी त्या माणसानं दिलेला होता. रागाचं कारण उघड आहे.

तेवढ्यात एनिड गॅरोवेबाई आल्या. खाणकामगारांच्या गावातून निवडून आलेल्या सभासद, जिभेला हाड नाही.

“काय विल्फ्रेड, तोंड का उतरलंय? सही करतोय का तुझा राजा?”

“माझा कसला, बाई. मला दार लावणं-उघडणं तेवढं समजतं.” मग जरा थांबून, “एक विचारू? एखाद्यानं दार लावताना बोटभर फट ठेवली, तर काय मोठं बिघडतं?”

“एरवी ठाऊक नाही. यंदा? उद्याच्या भाषणातलं एक वाक्य राजेसाहेब गाळायला बघतायत म्हणे. आपणच पहिली ढील द्यायची का? बोट दिलं की मनगट धरतात, बाबा. त्यापेक्षा दार काढून पडदाच लावा ना, छान फुलाफुलांचा!”

त्या हसत निघून गेल्या. विल्फ्रेड हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. बाहेरून बुटांचा आवाज येऊ लागला. विल्फ्रेडचा तळहात माझ्यावर होता. बूट जवळ आले. जाळीतून मला कप्तानाचा चेहरा दिसला. तो माझ्याकडे बघतच नव्हता, विल्फ्रेडकडे बघत होता.

विल्फ्रेडनं मला धाडकन लावलं. पुरतं. चौकट हादरली.

पहिला ठोका आला तो इतका हलका, की आतल्या कुणालाही ऐकू गेला नाही. दुसरा त्याहून हलका. तिसरा आलाच नाही.

“राजाचा माणूस वाटेत झोपला काय?” आतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. विल्फ्रेडचा हात कडीवर गेला. कडी नुसती उचलायची होती. बाहेर कप्तानाची बोटं काठीवरून घसरत होती, हे त्याला जाळीतून दिसत होतं. मी जन्मात कुणासाठी उघडायला उतावीळ झालो नव्हतो, तो त्या क्षणी झालो. पण मला कुठले हात! आणि विल्फ्रेडचे हात थांबले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

मग कप्तानानं काठी छातीशी कवटाळली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून माझ्यावर आदळला. तो तिसरा ठोका शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

विल्फ्रेडनं मला उघडलं. कप्तानाचा तोल गेला, तो पुढे झुकला. विल्फ्रेडनं झटकन त्याचं कोपर धरलं.

“हात सोड, विल्फ्रेड,” कप्तान हळूच म्हणाला. “इथं मी राजाचा माणूस आहे.”

विल्फ्रेडनं हात सोडला. कप्तान ताठ झाला, वाकून नमस्कार केला आणि निरोप सांगितला. सभासद उठून त्याच्यामागं निघाले.

तासाभरानं सगळे परतले. गॅरोवेबाई लांबूनच ओरडल्या, “ते वाक्य वाचलं रे, विल्फ्रेड! घसा दोनदा खाकरला, चष्मा पुसला, पण वाचलं!” पुढे कायद्यावर सहीही झाली. राजानं मनापासून केली की दात खाऊन, ते मला ठाऊक नाही.

एक संशय माझ्या मनातून अजून जात नाही. कप्तानाला ती फट खरंच हवी होती, की त्याला आपल्या जुन्या खलाशाला पारखायचं होतं? तो त्याच उन्हाळ्यात पद सोडून गेला. विल्फ्रेडनं त्याला कधी विचारलं नाही. पुढे तोही निवृत्त होऊन गावी गेला.

आता माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात. नवे तरुण सभासद माझ्यासमोर उभे राहून म्हणतात, “राजा तर किती भला माणूस आहे! दरसाल त्याच्या माणसाच्या तोंडावर दार आपटायचा हा तमाशा कशाला? उघडंच ठेवू या.”

राजा भला असेलही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाबांनो, मला भल्या राजासमोरच लावत जा. ज्यानं आपला जीव वाचवला त्याच्या तोंडावर मला लावताना विल्फ्रेडला किती जड गेलं, ते मी पाहिलंय. असं लावणं हाताला सवयीनंच जमतं, आणि वाईट राजा येईल त्या दिवशी सवय करायला वेळ मिळणार नाही.